भुवई, नाक आणि वलंदेजी भाषा



सुट्टीत गावी गेलो की शाळेतले शिक्षक भेटतात, आणि बोलता बोलता एक प्रश्न हमखास निघतो. "सर, मुलांकडून इंग्रजीचे रोज शब्द तरी किती पाठ करून घ्यावेत? पाच? दहा?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात एक दुखणे आहे. मुले शब्द पाठ करतात, सोमवारी घडाघडा म्हणून दाखवतात आणि शनिवारी पाटी पुन्हा कोरी. मग मुलाला वाटते आपले डोकेच जड, आणि मास्तरांना वाटते आपलेच काही चुकते. हळूहळू दोघांच्याही मनात बसते की परकी भाषा हे पुस्तकांनी भरलेल्या घरांचे काम, आपले नव्हे.

मी पडलो इतिहासाचा माणूस. मला आकडा सांगता येणार नाही. गोष्ट मात्र सांगता येईल. ज्यांच्याजवळ शब्दकोश नव्हता, व्याकरण नव्हते आणि शिकवायला गुरूही नव्हता, अशा तिघाचौघा वैद्यांनी एक परकी भाषा शब्दाशब्दाने कशी हस्तगत केली, त्याची ही गोष्ट. ती जपानातली आहे, अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, आणि खरी आहे.

त्या काळी जपानची दारे परक्यांना बंद होती. देशाचा खरा कारभार शोगुनाच्या हाती असे, आणि शोगुनाने युरोपीय लोकांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा ठेवली होती. हे डच म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतले 'वलंदेज'. आपल्याकडे वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती. जपानात १६४१ पासून त्यांना नागासाकी बंदरातल्या देजिमा नावाच्या एका लहानशा, मुद्दाम भर घालून केलेल्या बेटावर राहावे लागे. त्यांच्याशी बोलण्याचे काम दुभाष्यांच्या ठरावीक घराण्यांकडे होते. बापाचे काम मुलाने चालवायचे, आपल्या कुलकर्ण्यासारखे. हे बोलणे मुख्यतः माल, भाव आणि गलबते यांच्यापुरते. इतरांनी ती भाषा शिकावी, तिच्यातले ग्रंथ वाचावेत, अशी सोयच नव्हती.

१७२० साली योशिमुने या शोगुनाने परदेशी विद्येच्या पुस्तकांवरची बंदी थोडी सैल केली. धर्माची पुस्तके तेवढी वर्ज्य राहिली. पुढे १७४० च्या सुमारास त्याने दोन विद्वानांना डच शिकण्याची आज्ञा दिली. त्यांतला एक आओकी कोन्यो. हा गृहस्थ शेतकऱ्यांच्या ओळखीचा होता. दुष्काळात पोटाला आधार व्हावा म्हणून त्याने राजधानीच्या परिसरात रताळ्याची लागवड रुजवली होती, म्हणून लोक त्याला कौतुकाने 'रताळेगुरुजी' म्हणत. वयाच्या चाळिशीनंतर हा रताळेगुरुजी परक्या भाषेची मुळाक्षरे गिरवू लागला. पण संधी किती? त्या काळी देजिमाचा डच प्रमुख दरवर्षी वसंतात एदो राजधानीला, म्हणजे आजच्या टोकियोला, शोगुनाच्या दर्शनाला येई. तेवढ्या मुक्कामात दुभाष्यामार्फत चार गोष्टी विचारून घ्यायच्या, आणि मग पुढच्या वसंताची वाट पाहायची. वर्षे गेली, आणि हाती आल्या त्या शब्दांच्या काही याद्या.

या आओकीचा एक शिष्य होता माएनो र्योताकु. नाकात्सु नावाच्या संस्थानाचा हा वैद्य. गुरूकडे आला तेव्हा त्यानेही चाळिशी ओलांडलेली होती. त्याचा स्नेही सुगिता गेनपाकु हा दुसऱ्या एका संस्थानाचा वैद्य, र्योताकुपेक्षा दहा वर्षांनी लहान, थोडा उतावळा.

१७६६ साली हे दोघे डचांच्या एदोतल्या मुक्कामी गेले आणि तिथल्या निशी झेन्झाबुरो या मुख्य दुभाष्याला म्हणाले, आम्हांला तुमची भाषा शिकायची आहे. दुभाष्याने स्पष्ट सांगितले, या फंदात पडू नका. पाणी पिण्याला काय म्हणतात हेसुद्धा भांडे तोंडाला लावल्याचा अभिनय करून विचारावे लागते. वस्तू दाखवता येते, कृती करून दाखवता येते. पण मनातली गोष्ट कशी दाखवणार? त्याने स्वतःचेच उदाहरण दिले. 'आन्‌ट्रेकन' हा शब्द तो लहानपणापासून वापरत आला होता. एखाद्याला दारू आवडते हे सांगताना डच लोक तो वापरत. पण त्याचा खरा अर्थ त्याला उमगला तो पन्नाशीला, एदोच्या वाटेवर. 'आन्' म्हणजे कडे आणि 'ट्रेकन' म्हणजे ओढणे. ज्याला जे आवडते ते तो स्वतःकडे ओढतो!

श्रोतेहो, आपण मराठीत 'दारूची ओढ', 'माहेराची ओढ' म्हणतो, नाही का? त्या दुभाष्याला जे कळायला पन्नास वर्षे लागली ते मराठी माणसाला एका क्षणात पटेल. परका शब्द आपल्या भाषेतल्या एखाद्या शब्दाला असा जाऊन भिडला, की तो मग विसरता येत नाही.

हे ऐकून गेनपाकुने नाद सोडला. र्योताकुने सोडला नाही. पुढे तो नागासाकीला जाऊन काही महिने राहिला आणि परत येताना थोडे शब्द, एकदोन चोपड्या आणि शरीररचनेवरचा एक डच ग्रंथ घेऊन आला. ग्रंथ मुळात डान्त्सिगच्या कुल्मुस नावाच्या जर्मन पंडिताचा; त्याचे डच भाषांतर १७३४ साली झाले होते. योगायोग असा की १७७१ च्या वसंतात गेनपाकुलाही तोच ग्रंथ मिळाला. डचांच्या मुक्कामी विकायला आला होता, किंमत न परवडणारी होती, तेव्हा संस्थानाच्या खर्चाने त्याने तो घेतला. एक अक्षर वाचता येत नव्हते. पण आतली चित्रे पाहून तो अस्वस्थ झाला. चिनी वैद्यकाच्या परंपरेने त्याला शिकवले होते की फुप्फुसाला सहा पाळ्या आणि दोन कान, यकृताला डावीकडे तीन आणि उजवीकडे चार पाळ्या. चित्रात तसे काहीच नव्हते. मग खरे कोणाचे?

याचा निकाल लवकरच लागला. त्यांच्या पंचांगाप्रमाणे तिसऱ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी एदोजवळच्या वधस्थानी, देहान्ताची शिक्षा झालेल्या एका पन्नाशीच्या स्त्रीचे शवविच्छेदन होते. र्योताकु, गेनपाकु आणि नाकागावा जुनआन हा त्यांचा आणखी एक वैद्य मित्र तिथे गेले. विच्छेदन वैद्य करीत नसत. ते काम समाजाने अस्पृश्य ठरवून दूर ठेवलेल्या जमातीकडे असे. त्या दिवशी नेहमीचा माणूस आजारी होता, म्हणून त्याचा नव्वदीचा आजोबा आला. तो एकेक अवयव उचलून दाखवू लागला : हे हृदय, हे यकृत, हे पित्ताशय. मग त्याने आणखी काही भाग दाखवले आणि म्हणाला, याला नाव काय ते मला ठाऊक नाही. पण तरुणपणापासून मी जेवढी प्रेते उघडली त्या सर्वांत हे याच जागी होते. आजवर इथे आलेल्या एकाही वैद्याने ते काय आहे म्हणून विचारले नाही.

या प्रसंगावर क्षणभर थांबू या. ज्या म्हाताऱ्याने वस्तू आयुष्यभर हाताळली, त्याच्याजवळ तिचे नाव नव्हते. आणि ज्या वैद्यांजवळ नावांची पोथी होती, त्यांनी वस्तू कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्या दिवशी वैद्यांनी ग्रंथ उघडून समोर धरला. चित्र आणि शरीर यांत तिळमात्र फरक नव्हता. वधस्थानी विखुरलेली हाडे त्यांनी उचलून पाहिली, तीही चित्राबरहुकूम.

घरी परततांना तिघांच्या मनात एकच शरमेची भावना होती. आपण वैद्य म्हणवतो, धन्याच्या प्रकृतीची जोखीम अंगावर घेतो, आणि ज्या शरीरावर इलाज करतो ते आतून कसे आहे याचा आपल्याला पत्ता नाही! वाटेतच ठरले की दुभाष्याची वाट न पाहता हा ग्रंथ आपणच वाचायचा. आणि दुसऱ्याच दिवशी ते र्योताकुच्या घरी जमले.

जमले खरे, पण सुरुवात कुठून करायची? गेनपाकुला तर पुरती मुळाक्षरेही येत नव्हती. मग त्यांनी एक शहाणपणाची युक्ती काढली. शरीराच्या आतल्या भागांची वर्णने बाजूला ठेवून त्यांनी माणसाच्या बाह्य अंगाचे चित्र घेतले. डोके, डोळा, नाक, खांदा हे सर्वांना माहीत असलेले. चित्रावर खुणेची अक्षरे होती आणि मजकुरात त्या त्या खुणेचे वर्णन. म्हणजे आधी ओळखीच्या वस्तूपाशी उभे राहायचे आणि तिथून अनोळखी शब्दाकडे जायचे.

तरीही गाडे अडेच. 'भुवई म्हणजे डोळ्याच्या वर उगवणारे केस' या अर्थाच्या एका वाक्यावर वसंतातला अख्खा लांबलचक दिवस गेला. अंधार पडेपर्यंत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले, आणि एवढीशी ओळ सुटेना! वस्तूंची नावे कळत. पण 'चा', 'जो', 'हे', 'तसे' असे जे बारीक शब्द वाक्याला सांधतात, ते कळत नसत. आपल्या मुलांचेही असेच होते. 'बुक' आणि 'टेबल' येते, पण पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली हे सांगणारा टीचभर शब्द अडतो.

मग आली नाकाची पाळी. नाक हे 'फेरहेफन्ट' असते असे काहीसे लिहिले होते. हे काय असावे? र्योताकुने नागासाकीहून आणलेली चोपडी उघडली. तिच्यात त्या शब्दाची दोन उदाहरणे होती : झाडाची फांदी तोडली की तोडलेल्या जागी तसे होते, अंगण झाडले की केर जमून तसे होते. आता फांदी, केर आणि नाक यांचा संबंध काय? बराच वेळ डोकी खाजवल्यावर गेनपाकु उद्गारला, फांदीची जखम भरून येते तेव्हा तिथे उंचवटा येतो, केराचा ढीग झाला म्हणजे उंचवटाच, आणि नाक हा चेहऱ्यावरचा उंचवटा! सर्वांनी मान डोलावली. अमोल रत्न सापडावे तसा आनंद त्यांना झाला, असे गेनपाकुने म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

इथे इतिहासकाराचे कर्तव्य म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. गेनपाकुने ही आठवण लिहिली ती १८१५ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर. पुढे अभ्यासकांनी मूळ डच ग्रंथ तपासला, तेव्हा नाकाच्या वर्णनात तो शब्द तसा सापडला नाही. चव्वेचाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत इकडचे तिकडे होणारच. पण अर्थ लावण्याची त्यांची रीत त्यातून नेमकी कळते. एक शब्द दोनतीन वाक्यांत पाहायचा आणि त्या सर्वांना पुरून उरेल असा अर्थ शोधायचा.

आणि जो शब्द काही केल्या सुटत नसे त्याचे काय करीत? त्याच्यावर ते एक खूण करीत : वर्तुळ, आणि वर्तुळात फुली. ही खूण म्हणजे 'आज कळले नाही, उद्या पाहू'. सुरुवातीला पानेच्या पाने या खुणांनी भरून जात. पण त्या शब्दासाठी ते अडून बसले नाहीत आणि कळल्याचे सोंगही त्यांनी केले नाही. खूण करून पुढे गेले, आणि पुढे कुठे तो शब्द पुन्हा भेटला की मागे वळून खूण पुसली. वसंतात डच मंडळी राजधानीला आली की राहिलेल्या शंका दुभाष्यांना विचारून घेत.

महिन्यातून सहासात वेळा ही बैठक ठरलेली असे, आणि ती त्यांनी चुकवली नाही. बैठकीत जे सुटले ते गेनपाकु त्याच रात्री घरी बसून लिहून काढी. वर्षभरात शब्दांचा साठा इतका वाढला की सोपा मजकूर असेल तर दिवसाला दहा किंवा अधिक ओळी सहज वाचून होऊ लागल्या. भुवईच्या एका ओळीला एक दिवस, आणि वर्षाने दिवसाला दहा ओळी! गेनपाकुची प्रकृती तोळामासा. तो सारखा घाई करी आणि म्हणे, तुमचे भाषांतर पुरे होईल तेव्हा मी गवताखालून पाहत असेन. बैठकीला येणाऱ्या कात्सुरागावा होशू या तरुण वैद्याने त्यावरून त्याचे नावच 'गवताखालचे' असे पाडले. हा 'गवताखालचा' माणूस ऐंशी वर्षांहून अधिक जगला, ही गंमत निराळी.

शब्दांचे अर्थ कळले तरी काम संपत नव्हते, कारण कित्येक गोष्टींना जपानीत नावच नव्हते. त्यांनी तीन वाटा ठेवल्या. आपल्याकडे शब्द असेल तर तोच वापरायचा. हाडाला हाडच म्हणायचे. शब्द नसेल तर अर्थ पाहून नवा घडवायचा. डचांचे 'क्राकबेन' म्हणजे चावताना कुरकुरणारे हाड. त्यांनी 'मऊ हाड' असा शब्द केला. आपण शास्त्रात त्याला कूर्चा म्हणतो आणि बोलताना कुरकुरे हाड. आणि तिसरी वाट, काहीच जमले नाही तर परका शब्द उच्चारासकट जसाच्या तसा ठेवायचा. ग्रंथीला त्यांनी डच नावच ठेवले. मज्जातंतूसाठी त्यांनी घडवलेला 'शिन्‌केई' हा शब्द आज जपानात आणि चीनमध्येही चालतो. आपल्या शाळेत 'मज्जातंतू' हा शब्द आपण सहज उच्चारतो. तोही कोणीतरी असाच बसून घडवला असणार, याची आठवण कितीजणांना होते?

मसुदा अकरा वेळा पुन्हा लिहिल्यावर १७७४ साली 'काइताई शिन्शो', म्हणजे 'शरीरविच्छेदनाचा नवा ग्रंथ', पाच भागांत प्रसिद्ध झाला. सरकार काय म्हणेल या धास्तीने आदल्या वर्षी थोडी चित्रे छापून अंदाज घेतला होता. विरोध झाला नाही. पण गंमत पाहा, ज्याला सर्वांत जास्त डच येत होते त्या र्योताकुचे नाव भाषांतरकार म्हणून ग्रंथावर नाही. नावलौकिकासाठी विद्या करणार नाही असे त्याने देवापुढे म्हटले होते, असे सांगतात. भाषांतर अजून कच्चे आहे असेही त्याला वाटत असावे. तसे ते कच्चे होतेच. चुका पुष्कळ होत्या. या दोघांचा शिष्य ओत्सुकी गेन्ताकु याने पुढे ग्रंथ सुधारला आणि ती आवृत्ती १८२६ साली निघाली. उतावळ्या गेनपाकुमुळे ग्रंथ वेळेवर बाहेर पडला, आणि सावध र्योताकुमुळे तो वाचण्याजोगा झाला. चुका राहिल्या तरी वाट पडली.

त्या वाटेने पुढे किती लोक गेले! १७९६ साली इनामुरा सानपाकु याने सुमारे ६४ हजार शब्दांचा डच-जपानी कोश पुरा केला. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे 'भुवई' अडत होती, तिथे हा कोश! पुढे देजिमाच्या डच प्रमुखाने दुभाष्यांबरोबर आणखी एक कोश सुरू केला. तो १८३३ मध्ये पुरा झाला. ओसाका शहरात ओगाता कोआन या वैद्याच्या शाळेत त्याची एकच हस्तलिखित प्रत होती. १८५५ साली तिथे दाखल झालेल्या फुकुझावा युकिचीने आपल्या आत्मचरित्रात त्याचे वर्णन केले आहे. परीक्षेचा दिवस जवळ आला की कोशाच्या खोलीत रात्रभर विद्यार्थ्यांची गर्दी असे. अडलेला शब्द दुसऱ्याला विचारायचा नाही, स्वतः शोधायचा, हा तिथला रिवाज. एकदा आजारपणात फुकुझावाला उशी हवी झाली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपल्याजवळ उशीच नाही. कारण वर्षभर तो मेजावर डोके टेकूनच झोपत आला होता.

याच फुकुझावाने १८५९ साली योकोहामाच्या नव्या बंदरात पाऊल ठेवले, आणि दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात. त्या इंग्रजीत होत्या! इतक्या वर्षांची डच भाषेची मेहनत पाण्यात गेली असे वाटून तो खचला, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीला लागला. लवकरच त्याला कळले की काहीच पाण्यात गेलेले नाही. डच येत असल्याने इंग्रजी निम्मी सोपी झाली होती. गेनपाकुची आठवणींची वही हरवली असे लोक समजत होते, तेव्हा तिची एक प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली. १८६९ साली ती छापून घेणारा हाच फुकुझावा. भुवईची आणि नाकाची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती अशी.

असो. आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. मी स्वतः चाळिशीला आल्यावर पेशवेकालीन कागदांसाठी फारसी शिकायला बसलो. रोज वीस शब्दांची यादी केली, घोकली, आणि महिन्याने पाहतो तो सारे उडालेले. मग यादी फाडली आणि फारसी कागदच पुढे ओढला. पाहतो तर तारीख, जमीन, हुकूम, दरवाजा ही सगळी घरचीच माणसे परक्या पोशाखात बसलेली! त्यांच्या ओळखीने शेजारचे शब्द ओळखीचे होऊ लागले. त्या वैद्यांनी बाह्य अंगापासून सुरुवात केली, ती याचसाठी.

शिक्षकमित्रहो, तुमच्या वर्गातली मुले इंग्रजीच्या बाबतीत कोरी नाहीत. विहिरीवरचा पंप, पाइप, व्हॉल्व्ह, मोटारीचा स्टार्टर हे शब्द त्यांच्या तोंडात आहेत. 'स्टार्टर' दाबला की मोटार चालू होते, मग 'स्टार्ट' म्हणजे काय हे त्यांना कोश कशाला सांगायला हवा? तिथून सुरू करा. शब्द सुटा देऊ नका. तोच शब्द दोनतीन वाक्यांत भेटवा आणि अर्थ मुलांना शोधू द्या, फांदी आणि केर यांवरून नाक शोधले तसा. आठवड्याचे दोन वार ठरवा आणि चारपाच मुलांना एकत्र बसवा. आज खिशातल्या फोनवर शब्दाचा अर्थ क्षणात मिळतो, आणि तो मिळवावाही. पण आधी थोडा वेळ अडू द्या. अडलेला शब्द मनात घर करतो.

आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात वर्तुळ काढून त्यात फुली मारा. ज्या मुलाला जो शब्द कळला नाही तो त्याने स्वतःच्या हाताने तिथे लिहावा, आणि कळेल त्या दिवशी स्वतःच पुसावा. पहिल्या महिन्यात कोपरा भरून जाईल. भरू द्या, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठ्या, दरबारी मान असलेल्या वैद्यांनी पानेच्या पाने तशीच भरली होती.

रोज किती शब्द, हे त्या फळ्याचा कोपराच तुम्हांला सांगेल.